शेंगेन व्हिसा: सातबारा, पासबुक आणि नावांचे घोळ

युरोपच्या शेंगेन व्हिसाबद्दल, म्हणजे एकाच व्हिसावर युरोपातल्या बऱ्याच देशांत फिरता येतं त्याबद्दल, बरीच पत्रं आली आहेत. त्यातले काही प्रश्न आज घेतो.

प्रश्न : आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. नोकरी नसल्यामुळे सॅलरी स्लिप नाही, आयकर रिटर्नही कधी भरलेला नाही. मुलगी जर्मनीत असते, तिच्याकडे ऑगस्टमध्ये दोघं जायचं म्हणतोय. शेतकऱ्याला व्हिसा मिळत नाही, हे खरं का? (निफाड)

उत्तर : अजिबात खरं नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, त्यामुळे रिटर्न नसेल तर तसं अर्जासोबतच्या पत्रात सरळ लिहा. अडचण वेगळीच असते. बहुतेक जण सातबारा जोडतात आणि काम झालं असं समजतात. सातबाऱ्यावरून जमीन कुणाची ते कळतं. तुम्ही किती कमावता ते कळत नाही.

म्हणून सातबारा आणि आठ-अ (तुमच्या नावावरच्या एकूण जमिनीचा उतारा) यांच्यासोबत माल विकल्याच्या पट्ट्या किंवा निर्यातदाराची बिलं लावा. त्या रकमा बँकेत कोणत्या तारखेला जमा झाल्या, तिथे खूण करा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपयांत मिळतो. तो मराठीत असतो, तेव्हा इंग्रजी भाषांतर हवंच. जमीन सामाईक असेल तर तुमचा हिस्सा किती, तेही लिहा.

आता स्टेटमेंट. ऑगस्टच्या प्रवासासाठी तुम्ही जूनमध्ये अर्ज करणार. त्या वेळी मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढलंत तर त्यात मजुरी आणि औषधांचा खर्चच दिसेल, कारण द्राक्षाचे पैसे बहुधा त्याआधीच येऊन गेलेले असतात. दूतावासाच्या कागदपत्रांच्या यादीत कमी महिने मागितले असले तरी तुम्ही वर्षभराचं द्या, बँकेचा सही-शिक्का घेऊन. पासबुकाची झेरॉक्स नको. आणि ऑक्टोबर छाटणीआधी परत यायलाच हवं, हे पत्रात जरूर लिहा. परतण्याचं याहून खरं कारण कुठल्या नोकरदाराकडे आहे?

खर्च मुलगी करणार असेल तर तिचं साधं निमंत्रणपत्र पुरत नाही. तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून तिला औपचारिक हमीपत्र करून घ्यावं लागेल. त्याची फी २९ युरो आहे. मूळ प्रत कुरिअरने मागवा, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो चालत नाही.

प्रश्न : खात्यात शिल्लक कमी आहे. भाऊ दोन लाख तात्पुरते टाकतो म्हणतो. चालेल का? (पुणे)

उत्तर : नको. अर्जाच्या आठवड्यात अचानक जमा झालेली मोठी रक्कम स्टेटमेंटमध्ये सगळ्यांत आधी डोळ्यांत भरते. भाऊ खरोखरच खर्च उचलणार असेल तर त्याला तसं पत्र देऊ द्या आणि त्याचं स्टेटमेंट, रिटर्न आणि तुमच्या नात्याचा पुरावा जोडा. तुमच्या मुदत ठेवी असतील तर पावत्या लावा. पण रोजच्या वापराचं खातं रिकामं असेल तर नुसत्या ठेवींवर भागत नाही.

प्रश्न : पासपोर्टवर सासरचं नाव, पदवीवर माहेरचं, मुलाच्या जन्मदाखल्यावर आणखी तिसरंच. कोणतं लिहू? (कोल्हापूर)

उत्तर : अर्ज, तिकीट, विमा आणि हॉटेल या सगळ्यांवर पासपोर्टवरचंच नाव, अक्षर न अक्षर तसंच. अर्जात जन्माच्या वेळच्या आडनावाचा रकाना असतो. बायका तो हमखास कोरा सोडतात. तिथे माहेरचं आडनाव लिहा. दोन्ही नावं जोडायला विवाह नोंदणीचा दाखला लागतो. लग्न जुनं असलं तरी नोंदणी आजही करता येते. नाव राजपत्रातून बदललं असेल तर त्याची प्रत जोडा. जन्मदाखल्यावरची चूक मात्र ज्या ग्रामपंचायतीने किंवा महापालिकेने दाखला दिला तिथेच दुरुस्त करून घ्या. त्याला वेळ लागतो, तेव्हा हे काम सगळ्यांत आधी हातात घ्या.

प्रश्न : स्वित्झर्लंडमध्ये सहा दिवस आणि फ्रान्समध्ये चार दिवस राहणार आहोत. फ्रान्सची अपॉइंटमेंट लवकर मिळतेय. तिथून अर्ज करू का? (ठाणे)

उत्तर : जिथे मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज. म्हणजे तुमचा स्वित्झर्लंडकडे. मुक्काम सारखाच असेल तर आधी ज्या देशात उतरणार तो. एजंट फ्रान्समधल्या जास्तीच्या रात्रींची खोटी हॉटेल बुकिंग करून देतात. दूतावासाने हॉटेलला विचारलं की सगळं उघड होतं.

प्रश्न : विमा किती रकमेचा? तिकीट आधी काढायचं का? (मडगाव)

उत्तर : किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाचा प्रत्येक दिवस चालणारा. तिकिटाचं नुसतं आरक्षण करा. परत न मिळणारे पैसे व्हिसा हातात येईपर्यंत गुंतवू नका. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निकालाला साधारण १५ दिवस लागतात, पण तो ४५ दिवसांपर्यंतही लांबू शकतो.

प्रश्न : गेल्या वर्षी नकार आला होता. आता लपवता येईल का? (नागपूर)

उत्तर : नाही. तुमच्या बोटांच्या ठशांसह ती नोंद शेंगेन देशांच्या सामाईक यंत्रणेत पाच वर्षं राहते. पुन्हा अर्ज करायला ठरावीक काळ थांबावं लागत नाही, पण तीच फाइल पुन्हा देऊ नका. नकाराच्या छापील कागदावर कारणापुढे खूण केलेली असते. ‘प्रवासाचा हेतू स्पष्ट नाही’ असं असेल तर दिवसवार कार्यक्रम आणि बुकिंग नीट करा; ‘परत जाण्याबद्दल शंका’ असेल तर नोकरी, शेती आणि घरच्या जबाबदाऱ्यांचे कागद वाढवा. नवी फी, म्हणजे प्रौढांसाठी ९० युरो, पुन्हा भरावी लागेल. आधीची परत मिळत नाही.