पावसाळ्यात स्वेडच्या बुटांची निगा

स्वेड म्हणजे चामड्याची आतली, लव असलेली बाजू. ती पाणी चटकन शोषून घेते, म्हणून मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हे बूट शक्यतो बाहेर काढूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही ते भिजलेच, तर आत कोरा कागद कोंबून, तो ओला झाला की बदलत, पंख्याखाली सावलीत वाळवा. उन्हाने चामडे कडक होते. ओला चिखल मुळीच पुसू नका, कारण तो लवेत आणखी खोल मुरतो. पूर्ण वाळून त्याची पापडी सुटू लागली, की मऊ ब्रशने झाडा आणि उरलेला डाग पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासा. ठेवताना प्लॅस्टिकऐवजी सुती पिशवी वापरा, आत सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या) पुड्या टाका.