बादलीला लाथ मारली आणि ग्रुपवर शांतता

प्रश्न: ताई नमस्कार, मी मराठी मीडियमची, वय ४६, अकाउंट्समध्ये आहे. लेक आठवीत आहे, तिच्यासोबत बसून मी पण ती इंग्रजी वाक्प्रचारांची कार्टूनं बघते, म्हणजे आभाळातून कुत्री-मांजरं पडतायत, एक जण बादलीला लाथ मारतोय असली. हसून पुरेवाट होते पण चार दिवसांनी चित्र तेवढं आठवतं, अर्थ गायब. किक द बकेट म्हणजे मरणं एवढं मात्र पक्कं लक्षात राहिलं आणि तिथंच घोळ झाला. साहेबांचे सासरे वारले, तर मी ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं की सरांच्या फादर-इन-लॉनी किक्ड द बकेट. ग्रुप एकदम चिडीचूप! शेवटी एका मुलाने पर्सनलवर सांगितलं, मॅडम डिलीट करा. कार्टूनं बघणं सोडून देऊ का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: अहो सोडताय कशाला! आधी मी पोट धरून हसले त्याबद्दल माफी. पण चूक तुमच्यापेक्षा कार्टूनची जास्त आहे. काढणारा मुद्दाम शब्दशः अर्थ काढतो, विनोद त्यातच असतो ना, त्यामुळे खरा अर्थ चित्रात नसतोच, तो खाली बारीक अक्षरात असतो आणि तोवर आपण हसत हसत पुढच्या चित्रावर गेलेलो असतो. आणि ही आयडिया मोबाईलवाल्यांची नाही बरं का, पीटर ब्रूगेल नावाच्या चित्रकाराने १५५९ मध्येच एका चित्रात शंभराहून जास्त डच म्हणी अशाच शब्दशः काढून ठेवल्यात, बर्लिनच्या म्युझियममध्ये आहे ते. त्यात एक बाबा भिंतीवर डोकं आपटतोय. तो आपल्याला झटकन कळतो कारण आपणही तेच म्हणतो. बादलीवाला कळत नाही, आपल्याकडे बादलीचा आणि मरणाचा काय संबंध?

आता तुमची खरी गडबड. किक द बकेट म्हणजे 'वारले' नव्हे, 'गचकला'. फ्रान्सिस ग्रोस याने १७८५ साली लंडनमध्ये अशा उडाणटप्पू, रस्त्यावरच्या बोलीचा कोश छापला त्यात हा आहे, म्हणजे तेव्हापासूनच याची संगत तसली. वारले साठी पास्ड अवे.

मी काय करते सांगू? चित्राखाली अर्थ लिहीत नाही, आपल्या बोलण्यातलं एक अख्खं वाक्य लिहिते, कोण कोणाला म्हणतंय त्यासकट. तुम्ही बादलीखाली 'मरणे' लिहिलंत म्हणून फसलात. 'खडूस म्हातारा गचकला एकदाचा, कट्ट्यावर मित्र मित्राला' असं लिहिलं असतंत तर ग्रुपवर टाकायला हात धजावला असता का?

आणि पायवाले वाक्प्रचार जरा जपून. पुलिंग युअर लेग म्हणजे नुसती मस्करी, आपले पाय ओढणे वेगळे, त्यात जळफळाट असतो. ब्रेक अ लेग तर त्याहून भारी, स्टेजवर जाणाऱ्या नटाला शुभेच्छा म्हणून म्हणतात, आणि आपल्याकडे आई 'तंगडं मोडून हातात देईन' म्हणते तेव्हा ती शुभेच्छा नसते हे सांगायला नकोच. उलट क्रोकोडाइल टिअर्सला वेळ घालवू नका, नक्राश्रू, झालं.

प्रश्न: इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज असं मी पावसाळ्यात रोज म्हणतो, पण इंग्लंडला असलेला भाचा हसतो. चुकतंय काय?
– एक आजोबा, चिपळूण

उत्तर: आजोबा, चूक काही नाही, जुनं आहे एवढंच. जोनाथन स्विफ्टच्या १७३८ च्या पुस्तकात सापडतं बघा. आता तिथे साधं इट्स पोअरिंग म्हणतात. पण भाच्याला हसायचा हक्क नाही, आपण 'मुसळधार' म्हणतो म्हणजे आभाळातून कांडायची मुसळं पाडतोच की! घरात कोणी चित्र काढणारं असेल तर त्याचं एक कार्टून काढून पाठवा, मुसळं पडतायत आणि खाली छत्री धरून तुम्ही. पुढच्या अंकात छापू.