छपराच्या कडेची रोषणाई, दिवाळीपासून नाताळपर्यंत : वाचकांचे प्रश्न

अमेरिका-कॅनडातल्या बऱ्याच मराठी घरांवर नाताळचे म्हणून विकले जाणारे दिवे दिवाळीलाच चढतात आणि नवे वर्ष लागेपर्यंत उतरत नाहीत. म्हणजे दीड ते अडीच महिने ऊन, वारा, पाऊस आणि बर्फ. सामान निवडताना आणि जोडताना हा काळ डोळ्यांसमोर ठेवायचा. उत्तरेही त्याच हिशेबाने दिली आहेत.

प्रश्न : यंदाच दुमजली घर घेतले. दुकानात मिनी, आइसिकल, सी-७, सी-९ अशी खोकीच खोकी आहेत. काय घ्यावे आणि किती? (एडिसन, न्यू जर्सी)

घराची कड रस्त्यावरून ठसठशीत दिसावी असे वाटत असेल तर एलईडी सी-९ घ्या. हा बल्ब इंचाहून थोडा जाड असतो, त्यामुळे दुमजली घरावर लांबूनही एकेक दिवा वेगळा दिसतो. सी-७ त्याचा धाकटा भाऊ. बैठ्या घराला किंवा पोर्चला शोभतो. दोघांचे होल्डर वेगळे आहेत (सी-९चा १७ मिमी, सी-७चा १२ मिमी), तेव्हा एकाचा बल्ब दुसऱ्यात बसणार नाही. मिनी दिवे झाडाझुडपांना छान दिसतात, पण छपराच्या कडेवर त्यांची ओळ बारीक आणि नागमोडी दिसते. आइसिकलच्या लोंबत्या सरी वाऱ्याने गुंततात आणि गटरवर (छपराच्या कडेच्या पन्हळीवर) उलट्या चढून बसतात. वाऱ्याच्या जागी त्या घेऊ नयेत असेच आमचे मत आहे.

आता माप. खोके घ्यायच्या आधी टेप घ्या. गटरची आडवी कड जमिनीवरून, भिंतीच्या कडेने मोजता येते. दोन्ही टोकांना छप्पर भिंतीबाहेर येते तेवढे वाढवा. घोळ होतो तो गेबलच्या (छपराच्या दोन उतारांमधल्या त्रिकोणी भिंतीच्या) तिरक्या कडांपाशी, कारण त्या खालच्या रुंदीपेक्षा लांब असतात. छपराचा उतार १२ इंचांत ६ इंच असेल तर आडव्या मापाला १.१२ ने गुणा, १२ इंचांत ८ असेल तर १.२० ने, आणि १२ इंचांत १२ असेल तर १.४१ ने. समजा गेबल ३० फूट रुंद आहे आणि उतार ६ इंचांचा आहे. अर्धी बाजू १५ फूट, गुणिले १.१२ म्हणजे जवळजवळ १७ फूट. दोन्ही बाजू मिळून ३४. नुसते ३० धरले असते तर माळ दुसऱ्या टोकाच्या चार फूट अलीकडेच संपली असती.

दोन होल्डरमधले अंतर १२ इंच घ्या. म्हणजे जितके फूट तितके बल्ब, हिशेब सोपा. त्यावर दहा टक्के बल्ब आणि क्लिपा जास्त आणून ठेवा. तयार माळ घेणार असाल तर खोक्यावर दोन लांब्या दिलेल्या असतात, एकूण आणि प्रत्यक्ष दिवे असलेली. आपल्या कामाची दुसरी.

रंगाबद्दल एकच आग्रह : सगळे बल्ब एकाच कंपनीचे आणि एकाच वेळी घ्या. उबदार पांढरा म्हणून विकला जाणारा एलईडी एका कंपनीचा पिवळसर असतो, दुसऱ्याचा गुलाबीकडे झुकलेला. हातात घेतल्यावर फरक कळत नाही, छपरावर शेजारी-शेजारी आले की रस्त्यावरून दिसतो. पणत्यांच्या जवळ जाणारा रंग हवा असेल तर २७०० ते ३००० केल्विन असा आकडा पाहा. कॅमेऱ्यात किंवा नजर फिरवताना दिवे फडफडताना दिसतात ते विजेच्या अर्ध्याच लहरीवर चालणारे. खोक्यावर 'फुल वेव्ह' लिहिलेले असेल तर ते आधी उचला.

प्रश्न : घराच्या मापाने तार कापून घेता येते असे ऐकले. ते घरी जमते का? आणि एका प्लगवर किती दिवे चालतील? (प्लेनो, टेक्सास)

जमते, आणि दुमजली घराला तेच बरे, कारण उरलेली माळ कोपऱ्यात गुंडाळून टांगावी लागत नाही. होल्डर लावलेल्या तारेचे रीळ मिळते. तार दोन प्रकारची : एसपीटी-१ आणि जाड वेष्टनाची एसपीटी-२. प्लगही त्या-त्या तारेचेच घ्यायचे. एसपीटी-१ ची तार एसपीटी-२ च्या प्लगमध्ये सैल बसते, त्याचे दात तांब्यापर्यंत पोचत नाहीत आणि दिवे मधूनच जातात.

हे प्लग दाबून बसवायचे असतात. तार कात्रीने सरळ कापा, सोलू नका. तारेच्या दोन पदरांपैकी एकावर बोटाला लागतील अशा बारीक उभ्या रेघा असतात. तो न्यूट्रल. तो प्लगच्या रुंद पात्याच्या बाजूला आला पाहिजे. तार खाचेत शेवटपर्यंत सरकवा आणि झाकण 'टक' असा आवाज होईपर्यंत दाबा. बाजू उलटी झाली तरी दिवे लागतात, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण मग होल्डरचा बाहेरचा, बोट लागू शकेल असा धातूचा भाग जिवंत राहतो. सगळे काम प्लग भिंतीतून काढूनच करायचे.

भाराचे गणित असे. अमेरिकेतले साधे सर्किट १५ अँपिअरचे, १२० व्होल्टवर १८०० वॉट. तासन् तास चालणाऱ्या भारासाठी त्याचे ८० टक्केच धरायचे, म्हणजे १४४० वॉट. जुन्या तंतूच्या सी-९ बल्बला ७ वॉट लागत. १५० फुटांना १०५० वॉट, म्हणजे या मर्यादेचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग संपला. एलईडी सी-९ साधारण अर्धा ते एक वॉट घेतो, तेच १५० फूट १५० वॉटच्या आत. म्हणून एलईडीला भाराची चिंता नाही, पण तयार माळा एकीला एक जोडताना तारेवरच्या कागदी टॅगवर दिलेला कमाल आकडा पाळायचाच. त्या माळांच्या प्लगमध्ये छोटा फ्यूज असतो. प्लगवरचे बारीक झाकण सरकवले की दिसतो. मर्यादा ओलांडली की तोच जातो. जुन्या आणि एलईडी माळा एकाच ओळीत जोडू नका.

बाहेरचे आउटलेट बऱ्याच घरांत गॅरेज किंवा बाथरूमच्याच सर्किटवर असते. गॅरेजमधला फ्रीज त्यावर असेल तर तोही हिशेबात धरा.

प्रश्न : पाऊस पडला की बाहेरचे आउटलेट ट्रिप होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आपोआप सगळे ठीक. प्लगना इलेक्ट्रिकल टेप गुंडाळली तरी फरक नाही. (सिएटल)

टेप काढून टाका, निम्मे दुखणे तिथेच आहे. टेपच्या घड्यांतून पाणी आत झिरपते, बाहेर मात्र पडत नाही, आणि जोड दिवसभर ओला राहतो.

ट्रिप होणारे जीएफसीआय आउटलेट गेलेला आणि परतलेला प्रवाह सतत ताडून पाहते. फरक ५ मिलिअँपिअरच्या आसपास गेला की ते ट्रिप होते, म्हणजे वीज तोडते. एका ओल्या होल्डरमधून अगदी थोडी गळती होते, पण असे वीस-पंचवीस होल्डर आणि दोन-तीन जोड एकत्र आले की बेरीज तिथवर जाते. दुपारी सगळे वाळते, म्हणून दुपारी चालते. आउटलेट आपले काम चोख करते आहे. त्याला वळसा घालून घरातल्या साध्या प्लगमधून खिडकीखालून वायर आणू नका. ओल्या शिडीवर उभ्या माणसाला वाचवणारी तीच एक गोष्ट आहे.

गळती शोधायची ती पावसानंतर लगेच, वाळायच्या आत. सगळ्या माळा काढा आणि आउटलेट रीसेट करा. काहीही न जोडता ते ट्रिप होत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. नसेल तर एकेक माळ लावत जा. जिच्यावर ट्रिप होईल तिच्यात दोष. मग त्या माळेवर या जागा पाहा : कापलेल्या तारेचे शेवटचे टोक (तांबे उघडे राहून गटरच्या पत्र्याला टेकते, तिथे बंद प्लग किंवा टोपी हवी), बल्ब नसलेला रिकामा होल्डर, सैल बसलेला बल्ब, आणि गटरमध्ये किंवा जमिनीवर पडलेला जोड. बल्ब काढून आत पाहा. हिरवट थर दिसला तर पाणी बरेच दिवस शिरते आहे, तो होल्डर कापून टाका.

पुन्हा बांधताना जोड छपराखाली, तोंड खाली करून लटकवा. आउटलेटकडे येणारी वायर आधी आउटलेटच्या खाली झोका देऊन उतरवा आणि मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोक्याच्या तळाशी गळून जाईल. वायर लावलेली असतानाही बंद होणारे, बुडबुड्यासारखे फुगीर झाकण आउटलेटवर बसवा. बल्बची तोंडे बाहेर किंवा खाली ठेवा. वर तोंड केलेला होल्डर पाणी साठवतो. आणि दिवे लावण्याआधी गटर साफ करा. पानांनी तुंबलेले गटर भरून वाहते ते नेमके तुमच्या तारेवरून. सिएटलसारख्या पावसात हे एक काम बाकी सगळ्या उपायांहून जास्त उपयोगी पडते.

प्रश्न : लाकडी कडेला स्टेपल मारले तर चालतील का? क्लिपा किती लागतात, शिडी कुठली? (नेपरव्हिल, इलिनॉय)

स्टेपल नको, खिळे तर नकोच. स्टेपल तारेचे वेष्टन चिरते आणि शिंगलमधला (छपरावरच्या आच्छादनाच्या पट्टीतला) खिळा छपरात पाणी आणतो. सी-९ला प्रत्येक होल्डरमागे एक क्लिप धरा. गटरच्या ओठावर आणि शिंगलच्या कडेखाली अशी दोन्हीकडे बसणारी क्लिप मिळते. गेबलच्या तिरक्या कडेला गटर नसते, तिथे ती शिंगलखाली सरकवायची. चुंबकाच्या क्लिपा फक्त पोलादी पत्र्यावर चालतात. घरांवरची बहुतेक गटरे ॲल्युमिनियमची असतात, त्यावर चुंबक धरत नाही. घ्यायच्या आधी फ्रिजवरचा चुंबक लावून पाहा.

हे काम थंडी पडायच्या आधी करा. गोठवणाऱ्या हवेत शिंगल कडक होते आणि उचलली की तिची चिकटपट्टी सुटते, नाहीतर तुकडाच पडतो. शिवाय नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ मागे गेले की कामावरून घरी येईपर्यंत अंधार झालेला असतो. दिवाळीच्या निमित्ताने लवकर चढणाऱ्यांना ही दोन्ही सुखे मिळतात.

बल्ब आणि क्लिपा जमिनीवरच तारेवर चढवून, एकदा लावून पाहून, मग वर जा. अठरा फूट उंच कडेला २४ फुटी एक्स्टेन्शन शिडी लागते. ती फायबरग्लासची असावी. दर चार फूट उंचीमागे शिडीचा पाय भिंतीपासून एक फूट लांब. शिडी गटरवर टेकवू नका, गटर दबते आणि शिडी बाजूला घसरते. वर स्टॅबिलायझर (शिडीला लावायचा आडवा दांडा) लावून ती भिंतीवर किंवा छपरावर टेकवा. विजेच्या तारांपासून किमान दहा फूट दूर. हात पुरत नाही तिथे उतरून शिडी हलवायची, वाकायचे नाही. खाली एक माणूस हवाच, आणि छपरावर पाय ठेवायचाच नाही. शिखर शिडीवरून गाठता येत नसेल तर तेवढ्यापुरता व्यावसायिक बोलवा.

प्रश्न : मिनी माळेचा बरोबर अर्धा भाग बंद आहे. (ऑस्टिन)

जुन्या तंतूच्या १०० दिव्यांच्या माळेत बहुधा पन्नास-पन्नासचे दोन गट असतात. गटातले दिवे एकापाठोपाठ जोडलेले, प्रत्येकाच्या वाट्याला अडीच व्होल्ट. एक बल्ब होल्डरमधून निसटला की पन्नास जातात. बंद गटातला प्रत्येक बल्ब दाबून पाहा; न स्पर्शता वीज दाखवणारा टेस्टर तारेवरून फिरवला तर कुठवर वीज येते ते कळते. एलईडीची बंदिस्त माळ असेल तर वेळ घालवू नका, बदला. सी-९ समांतर जोडलेले असतात, त्यात एक गेला तर एकच जातो. ते सुचवण्याचे हेही एक कारण.

प्रश्न : माळ गटरमधल्या बर्फात गोठली आहे. ओढून काढू का? (मिनियापोलिस)

नाही. तार तुटेल, क्लिप शिंगलचा तुकडा घेऊन येईल. प्लग काढून ठेवा आणि बर्फ वितळू द्या. दिव्यांच्या उबेने कडेचा बर्फ वितळतो ही समजूतही सोडून द्या.

प्रश्न : दिवाळीला केशरी, नाताळला लाल-हिरवा असे रंग बदलणारे कायमचे दिवे लावावेत का? एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) काय म्हणेल? (केरी, नॉर्थ कॅरोलिना)

दरवर्षी शिडी चढणे टळते, एवढ्यासाठीही ते घेण्यासारखे आहेत. पण तीन गोष्टी पाहा. पहिली, पांढऱ्या रंगासाठी वेगळी चिप आहे का. लाल, हिरवा, निळा मिसळून केलेला पांढरा निळसर आणि आजारी दिसतो. दुसरी, लांबी. हे दिवे कमी व्होल्टेजवर चालतात आणि लांबच्या टोकाला व्होल्टेज घटते. निळ्या-हिरव्या एलईडीला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, म्हणून शेवटचा पांढरा आधी लालसर पडतो. कंपनीने दिलेल्या लांबीपलीकडे जोडायचे तर मध्ये दुसरीकडून वीज द्यावी लागते. तिसरी, नुसत्या चिकटपट्टीवर भरवसा ठेवू नका. थंडीत लावलेली पट्टी धरत नाही, प्रत्येक दिव्याला स्क्रू हवा. कंट्रोलर बसवायच्या जागी वायफाय पोचते का, तेही फोन हातात धरून आधीच पाहा.

एचओएचे नियम दोन ठिकाणी असतात : सणाच्या दिव्यांच्या तारखा आणि घराच्या बाह्यरूपातले बदल. कायमचे दिवे दुसऱ्या सदरात येतात, त्यांना आधी लेखी मंजुरी घ्या. तारखा नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपासूनच सुरू होत असतील तर दिवाळीची तारीख लिहून उन्हाळ्यातच अर्ज करा. दिवाळी ऑक्टोबरमध्यापासून नोव्हेंबरमध्यापर्यंत कधीही येते. दिवाळी दरवर्षी हलते, हे समितीतल्या लोकांना माहीत असेलच असे नाही.

प्रश्न : नाताळला वसईला आईवडिलांकडे जाणार आहे. इथल्या माळा तिकडे नेऊ का? घर कौलारू आहे. (टोरांटो)

थेट प्लगमध्ये जाणाऱ्या माळा नेऊ नका. त्या १२० व्होल्टच्या, वसईत २३० व्होल्ट. पिन बदलणारा अडॅप्टर लावला तरी व्होल्टेज तेवढेच राहते. माळेतले रोधक आणि एलईडी लगेच जळतात, आग लागण्याचीही भीती. अपवाद ज्या माळेला स्वतःचा छोटा अडॅप्टर आहे तिचा. त्यावर बारीक अक्षरांत '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असे छापले असेल तर ती तिकडे चालेल, फक्त पिन बदलावी लागेल. टायमरचा प्लग मात्र इथेच ठेवून जा.

तिथे २३० व्होल्टच्या, पूर्ण बंदिस्त आणि बाहेर लावायच्या माळा घ्या. खाऱ्या हवेत उघडे होल्डर लवकर गंजतात. कौलांवर क्लिप बसत नाही, आणि कौल उचलून तार कोंबली तर येत्या पावसाळ्यात गळती सुरू. वळचणीला बाहेर आलेल्या वाशांच्या टोकांना नायलॉनच्या टायने माळ बांधा, दर दोन वाशांना एक. मध्ये झोळ पडू लागला तर प्रत्येक वाशाला. टाय पांढऱ्याऐवजी काळे घ्या, उन्हात जास्त टिकतात. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे का ते पाहा आणि त्याचे टेस्टचे बटण दाबून तो पडतो याची खात्री करा. नसेल तर वायरमनकडून तो आधी बसवून घ्या, माळा त्यानंतर.