सलामीच्या सॅम्पलमध्ये नॅटामायसिन निघालं, आता दंड मी भरायचा का?

नमस्कार दादा, तुम्ही लिहिलंय की कॉलेज रोडला दुकान आहे, सप्लायरकडून ड्राय सलामीचे, म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या सॉसेजचे, अख्खे रोल घेता, मशीनवर स्लाइस करून शंभर ग्रॅमची व्हॅक्यूम पाकिटं स्वतःचं स्टिकर लावून विकता, गंगापूर रोडच्या वाइन टेस्टिंगवाल्यांनाही देता. एफडीएने पाकीट उचललं, रिपोर्टात नॅटामायसिन हे प्रिझर्व्हेटिव्ह निघालं, लेबलवर त्याचा पत्ता नाही, आणि सप्लायर म्हणतो आम्ही टाकलंच नाही. रिपोर्ट हातात पडून 18 दिवस झालेत.

मग आधी अपील. सप्लायरशी फोनवर भांडण नंतर करा. अ‍ॅनालिस्टच्या रिपोर्टविरुद्ध अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 46(4) खाली डेझिग्नेटेड ऑफिसरकडे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, फॉर्म 8 मध्ये अपील करायचं, मुदत रिपोर्ट मिळाल्यापासून 30 दिवस, म्हणजे तुमच्याकडे 12 उरले. अपील मान्य झालं तर सॅम्पलचा राखीव भाग म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न संशोधन संस्थेसारख्या रेफरल लॅबला (फेरतपासणीच्या लॅबला) जातो आणि तिथला निकाल शेवटचा. सॅम्पलचे चार भाग होतात, चौथा आपल्या पसंतीच्या मान्यताप्राप्त लॅबला पाठवा असं सॅम्पल घेतानाच सांगता येतं, पण लोक अधिकारी बघूनच घाबरतात आणि गप्प सही करतात, तुम्हीही तसंच केलेलं दिसतंय.

आता अपिलात लिहायचं काय? नॅटामायसिन ही बुरशी थांबवणारी वस्तू, सॉसेजच्या बाहेरच्या सालीवर फवारतात किंवा त्यात रोल बुडवतात, आत फारशी मुरत नाही. म्हणून युरोपात मर्यादा पृष्ठभागावर मोजतात, एका चौरस डेसिमीटरला 1 मिलिग्रॅम, आणि 5 मिलिमीटर खोलीवर ती सापडताच कामा नये. तुमच्या रिपोर्टात आकडा मिलिग्रॅम पर किलो आहे, म्हणजे बहुतेक सगळे स्लाइस एकत्र वाटून काढलेला. पण बारीक रोलच्या स्लाइसमध्ये कडेचा वाटा जास्त, जाड रोलमध्ये कमी, त्यामुळे साल तेवढीच फवारलेली असली तरी आकडा वेगळा येतो! सॅम्पल कसं तयार केलं आणि कुठली पद्धत वापरली ते अपिलात विचारा, कारण चीजसाठी बसवलेली पद्धत मांसाला तशीच लावलेली असू शकते. आणि 2011 च्या अ‍ॅडिटिव्ह नियमांच्या अपेंडिक्स ए मध्ये तुमच्या प्रकारच्या मांसासमोर काय लिहिलंय ते वकिलाला घेऊन वाचा, कारण परवानगी असून प्रमाण जास्त झालं तर प्रकरण सबस्टँडर्डकडे (कमी दर्जाच्या मालाकडे) जातं, दंड 5 लाखांपर्यंत, पण त्या प्रकारात परवानगीच नसेल तर अनसेफ (असुरक्षित) म्हणून कोर्टात खटल्याची भानगड होऊ शकते. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, रोलच्या मधल्या भागातही सापडलं तर हा सालीचा मुद्दा कोलमडतो, मग कुणीतरी ते खिम्यातच मिसळलंय.

सप्लायरचं बिल जपून ठेवा. कलम 26(4) प्रमाणे ते त्याची लेखी गॅरंटीच समजतात, वेगळा कागद नसला तरी चालतं. तुम्ही स्लाइस केलं म्हणून बचाव संपला असंही नाही, कलम 80 मध्ये माल बदलून विकला तरी त्या बदलामुळे नियमभंग झाला नसेल तर बचाव घेता येतो, आणि सुरीने नॅटामायसिन येत नाही हे कुणालाही पटेल. पण स्टिकर तुमचं आहे, त्यावर प्रिझर्व्हेटिव्हचं नाव किंवा त्याचा नंबर आयएनएस 235 नाही, तिथे मिसब्रँडिंगचा (चुकीच्या किंवा अपुऱ्या लेबलचा) 3 लाखांपर्यंतचा दंड बसू शकतो आणि तो सप्लायरवर ढकलता येईल असं मला वाटत नाही. खरं सांगायचं तर तुमची केस इथेच कच्ची आहे.

त्या बॅचचे उरलेले रोल विकू नका, सप्लायरला परतही देऊ नका, बॅच नंबर दिसेल असे फोटो काढून फ्रीजमध्ये वेगळे ठेवा आणि तसं डेझिग्नेटेड ऑफिसरला लेखी कळवा. सप्लायरकडून केसिंग (बाहेरची साल) आणि रोल बुडवायच्या डिपिंग सोल्युशनची माहिती मेलवर मागा, त्याने उत्तर दिलं नाही तर तेही तुमच्याच कामाचं. आणि फॉर्म 8 दिल्यावर तारखेसकट शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.