खाद्यमहोत्सवात पहिल्यांदा सहकुटुंब जाताना

आई-वडील आणि मुलांना घेऊन आपण नागपूर शहराच्या मध्यवर्ती भागातील खाद्यमहोत्सवात पहिल्यांदाच दिवस घालवणार आहात, याचा मनापासून आनंद वाटला. सुरुवातीला तीनच गोष्टी सांभाळाव्यात.

गाडी घरीच ठेवावी. मेट्रोच्या ऑरेंज आणि अ‍ॅक्वा या दोन्ही मार्गिका सीताबर्डी स्थानकावर एकत्र येतात, त्यामुळे पार्किंग शोधण्यातला वेळ वाचतो.

सर्वांत महत्त्वाचा आहे तो खाण्याचा क्रम. नवखी मंडळी आत शिरताच पहिल्याच स्टॉलवर सावजी रस्सा आणि भाकरीचे पूर्ण ताट घेतात, आणि मग पुढचे काहीच खाववत नाही. आधी एक फेरी नुसती पाहत मारावी. त्यानंतर तर्री-पोहे, सांबारवडी, पाटोडी रस्सा असे एकेक प्लेट घेऊन सर्वांनी वाटून खावे आणि सावजी शेवटी ठेवावे. (बाहेरगावचे पाहुणे सोबत असतील तर विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे त्यांना आधीच सांगावे.) मुलांसाठी वडाभात उत्तम. तिखट लागलेच तर पाण्याऐवजी दही किंवा ताक द्यावे, कारण मिरचीतला तिखट घटक पाण्यात फारसा विरघळत नाही.

भर दुपारच्या उन्हात वडीलधाऱ्यांना रांगेत उभे करू नये. त्यांना सावलीत बसवून रांगेत आपण उभे राहावे, आणि चुकामूक झाल्यास त्याच जागी भेटायचे, हे मुलांना आत शिरतानाच दाखवून ठेवावे. संत्रा बर्फी परतताना घ्यावी.