घरापुढच्या पार्किंगचा कोबा 4 इंच करावा की 6 इंच? लोखंडी जाळी टाकावी का?

4 इंच. घरची एकच कार उभी राहणार असेल तर 4 इंच भरपूर झाला. पाण्याचा टँकर नाहीतर ट्रॅक्टर आत घ्यायचा असेल तर 6. पण खाली माती कोणती ते तुम्ही लिहिलेलंच नाही. "मिस्त्री लोक फसवतात म्हणून आधी विचारून ठेवतोय" हे मात्र आवर्जून लिहिलंय. त्या एका वाक्यापायी मी रात्री अकराला हे लिहीत बसलोय.

मी इंजिनिअर नाही. लातुरात सिमेंट-लोखंडाच्या दुकानात हिशोब लिहितो. गोण्या किती लागतील हे सगळे विचारतात, खाली काय आहे हे वर्षातून एखादाच.

2016 चा एप्रिल. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तो महिना. दादाच्या मुलीचं लग्न मे महिन्यात, आणि त्याआधी पार्किंग झालंच पाहिजे हा दादाचा हट्ट. 12 बाय 18 ची जागा. प्लॉट पडायच्या आधी तिथं तूर व्हायची, म्हणजे अस्सल काळी. त्या उन्हाळ्यात अशा भेगा पडल्या होत्या की पोरांचा चेंडू गेला तो गेलाच.

मिस्त्रीनं जागा बघितली आणि म्हणाला, "मालक, फूटभर काळी काढू. तीन ब्रास मुरूम आणा. आन् पाणी नसंल तर आत्ता करूच नगा, पाऊस पडल्यावर करू."

दादा म्हणाला, "आणि पाऊस पडल्यावर वऱ्हाड परत बोलावू का?"

मुरूम आला एक ब्रास. बिल मीच लिहिलं. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, 216 चौरस फुटांवर पसरून धुम्मस मारून दाबला की उरतो जेमतेम 4 इंच. हे मला त्याच क्षणी कळत होतं. बोललो नाही. दादा मोठा, पैसे त्याचे.

कोबा झाला, 17 गोण्या लागल्या. विकतच्या टँकरचं पाणी माल कालवण्यातच संपलं. कोबा पक्का व्हायला काही दिवस ओला ठेवावा लागतो. त्यासाठी आळी बांधून दीड इंच पाणी साठवायचं तर एका भरीला साडेसातशे लिटर लागतं, आणि घरात प्यायचं पाणी ड्रमात मोजून होतं. वहिनींनी तीन दिवस गोणपाट अंथरून त्यावर धुण्याचं शेवटचं पाणी मारलं. चौथ्या दिवशी बस्ता बांधायला गेले सगळे. वर साधा प्लास्टिकचा कागद घट्ट अंथरून कडा दाबल्या असत्या तरी आतली ओल आत राहिली असती. तो कागद आमच्याच दुकानात होता. मला सुचलं नाही.

जूनमध्ये हात फिरवला की तळहाताला पिठासारखी भुकटी. सप्टेंबरात तिकडं असा पाऊस झाला की मांजरा धरण भरलं, आणि इकडं कोबा मधोमध फुगला. खांबापासून गेटपर्यंत तडा, रुपयाचं नाणं उभं राहील एवढा. काळी माती सुकली की आकसते, भिजली की फुगते. वर 4 इंच असो की 6, ती उचलणारच.

दादानं मिस्त्रीचे राहिलेले 6 हजार दिले नाहीत. "सिमेंट खाल्लं त्यानं." अहो, रिकाम्या गोण्या मी स्वतः मोजल्या होत्या, 17 च्या 17! पण दर दिवाळीला फराळाच्या ताटावर तोच विषय, आणि प्रत्येक वेळी चोर मिस्त्रीच.

2021 मध्ये शेवटी फोडला. घण घालणाऱ्या पोरांचा घाम निघाला, इतका माल आतून पक्का होता. तुकडा निघाल्यावर मी टेप लावला. मुरूम 4 इंच, खाली ओली काळी. दादाला हाक मारून दाखवलं. टेपकडे बघून म्हणाला, "आत चहा सांग."

दुसऱ्या वेळी दीड फूट काळी काढली. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस. भिंत आणि खांबाला कोबा चिकटू दिला नाही, मध्ये थर्माकोलची पट्टी घातली. 18 फुटांच्या मध्यावर जॉइंट सोडला, गेटकडे दोन इंच उतार दिला. गोणीवर पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, लिहिलेलं असेल तर पाणी 10 दिवस मारायचं, 7 नाही. गाडी आम्ही महिन्यानं आत घेतली.

हो, जाळी. जाळीनं तडा थांबत नाही, पडलेला तडा फाकत नाही एवढंच. टाकायचीच असेल तर ठोकळे देऊन वरच्या बाजूला उचलून ठेवा. मुरमावर लोळवलेली जाळी म्हणजे पुरलेले पैसे. आम्ही टाकली नाही. ते पैसे मुरमात घातले.

तुमची जमीन मुरमाड किंवा जांभ्याची असेल तर खोदाईचं वरचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. आणि एक सांगायचं राहिलं. भुकटीत थोडा हात मिस्त्रीचाही होता. कोब्यावर पाणी वर आलेलं असताना त्यानं कोरं सिमेंट भुरभुरून घोटलं, चकाकी यावी म्हणून. त्याचा पापुद्रा निघतो. चकाकी हवी होती दादालाच, पण नको म्हणणं मिस्त्रीचं काम होतं. हे मी दादापुढं अजून बोललेलो नाही.

दुसऱ्या वेळी तोच मिस्त्री बोलावला. आला. जुन्या 6 हजारांचं त्यानं काढलं नाही, दादानंही नाही. फक्त या खेपेला मजुरी त्यानं सगळी आगाऊ घेतली, आणि माझ्यासमोर मोजून.