दिवाळीच्या रोषणाईची फ्रँचायझी घ्यावी का?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मी वाकडला राहतो. हाऊसकीपिंगची कंत्राटं घेतो, त्यामुळे आसपासच्या पंधरा-वीस सोसायट्यांच्या कमिट्या ओळखीच्या आहेत. सणांच्या रोषणाईचं काम करणारी एक कंपनी पुण्यासाठी फ्रँचायझी देते आहे. फी ४ लाख रुपये अधिक जीएसटी, बिलावर ८ टक्के रॉयल्टी, २ टक्के जाहिरात निधी आणि पहिला माल ३ लाखांचा त्यांच्याकडूनच घ्यायचा. माळा भाड्याने द्यायच्या, लावायच्या, दिवाळी झाली की उतरवायच्या. ‘एका मोसमात पैसे वसूल’ असं ते सांगतात. घ्यावी का?

उत्तर : या अटींवर घेऊ नका. कारण मागणी नाही असं नाही, पुण्यात मागणी भरपूर आहे. हा धंदा अडतो तो दिवसांवर. गणपती उठले की पितृपक्ष लागतो आणि पंधरवडाभर कमिट्या नवा निर्णय घेत नाहीत. नवरात्रात चौकश्या सुरू होतात आणि प्रत्येकाला काम वसुबारसेच्या आत पूर्ण हवं असतं. म्हणजे दसऱ्यापासून हातात जेमतेम पंधरा दिवस.

आता हिशेब मांडू. दर आम्ही उदाहरणासाठी धरले आहेत, तुमच्या भागातले घालून पुन्हा करा. एक वायरमन आणि दोन हेल्पर अशी एक टीम. अशा दोन टीम, पंधरा दिवस, म्हणजे ३० टीम-दिवस. परतीचा पाऊस आणि लावलेल्या कामाच्या दुरुस्त्या यांत ४ जातात, उरतात २६. एका टीमचं दिवसाचं बिल ९,००० रुपये धरा. मजुरी २,८००, टेम्पो १,०००, क्लिपा-केबल टाय-जोडणीचं सामान ५००, रॉयल्टी आणि निधी मिळून ९००. हातात राहिले ३,८००. गुणिले २६ म्हणजे ९८,८००.

उतरवण्याचं काम बहुतेकांच्या हिशेबातून सुटतं, कारण त्याचं वेगळं बिल होत नाही. लावण्याच्या साधारण एक तृतीयांश वेळ त्याला लागतो : ९ टीम-दिवस, मजुरी आणि टेम्पोचे ३४,२००. उरले ६४,६००. माळा वर्षभर ठेवायला कोरडी जागा हवी. ७,००० रुपये महिना भाडं धरलं तर वर्षाचे ८४,०००. इथेच १९,४०० चा तोटा झाला. भाड्याने फिरणारा माल तीन मोसम चालला तर दर वर्षी त्याची १ लाखाची झीज. म्हणजे फीचा एक रुपयाही वसूल न होता वर्षाला १,१९,४०० रुपयांचा खड्डा.

‘एका मोसमात वसूल’ हा दावाही याच आकड्यांवर घासून पाहा. फी, तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी आणि माल मिळून ७ लाख ७२ हजार. दिवसाला ३,८०० सुटत असतील तर २०३ टीम-दिवस हवेत, तेही उतरवणं आणि गोदाम न धरता. पंधरा दिवसांत तेवढं काम काढायला तेरा-चौदा टीम लागतील, म्हणजे चाळीसएक माणसं. दिवाळीच्या तोंडावर, प्रत्येक चांगला वायरमन आधीच गुंतलेला असताना, ती कुठून आणणार? कंपनीच्या माणसाला हा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा.

जीएसटीचा एक बारकावा. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सहसा सक्तीची नसते. पण नोंदणी नसेल तर फीवर भरलेल्या ७२ हजारांचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजावट, मिळत नाही, ते गेलेच.

कंपनी मोबदल्यात काय देते ते आता सुटं करून बघा. नाव : ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो. अर्ज केलेला असणं आणि नोंदणी झालेली असणं यांत फार फरक आहे. माल : त्यांची दरसूची घेऊन बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत जा आणि सारख्याला सारखं लावून भाव विचारा, म्हणजे मीटरमागे वॅट किती, तार किती जाडीची, आयपी दर्जा (धूळ-पाण्यापासून बचावाचा) कोणता, बदलून देण्याची मुदत किती. एलईडी ड्रायव्हर (माळेला योग्य तेवढी वीज देणारा डबा) आणि रोप लाइट बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या, सक्तीच्या नोंदणीत येतात. ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक मालावर हवा, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. ग्राहक : ते तर तुमचेच आहेत. स्वतःच्या ओळखीच्या सोसायट्यांच्या बिलावर दर वर्षी १० टक्के दुसऱ्याला का द्यायचे, याचं समाधानकारक उत्तर आम्हाला सापडत नाही. राहिलं प्रशिक्षण. ते उपयोगी असतं, पण ४ लाखांचं नसतं.

कंपनीकडे शोरूमच्या साखळ्या किंवा बँका यांची पुण्यातली कामं खरोखर असतील आणि ती तुम्हालाच देण्याचं करारात लिहीत असतील, तर मात्र विचार बदलावा. वर्क ऑर्डरच्या प्रती बघा. सध्याच्या फ्रँचायझीधारकांपैकी कोणाशी बोलायचं ते तुम्ही निवडा, आणि सोडून गेलेल्यांपैकी एखादा तरी गाठा. त्यांना विचारा : दुसऱ्या वर्षी किती ग्राहक टिकले? दिवाळीच्या आठवड्यात बदली माल किती दिवसांत आला?

फ्रँचायझीशिवायही फक्त दिवाळीवर आणि भाड्याच्या मालावर हा धंदा तगत नाही. वरच्या हिशेबातून रॉयल्टी आणि निधी काढले तर झिजेआधी अवघे ४,००० शिल्लक राहतात. म्हणून मांडणी बदला. माळा सोसायटीने विकत घ्याव्यात, क्रेट सोसायटीच्याच स्टोअर रूममध्ये राहावेत आणि लावणं, उतरवणं, दुरुस्ती यांचे दर तुम्ही वेगळे लावावेत. गोदाम आणि झीज मिळून १ लाख ८४ हजारांचं ओझं त्यामुळे जातं. दरपत्रक जुलैतच द्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते. त्या सभेत तीन वर्षांचं काम मंजूर झालं तर पितृपक्षातही तुमची तयारी थांबत नाही. यंदा दोन-तीन सोसायट्या परवानाधारक विद्युत ठेकेदाराला सोबत घेऊन करा. कामगार भरपाईचा आणि त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा काढल्याशिवाय एकाही माणसाला पॅरापेटवर (गच्चीच्या कठड्यावर) चढवू नका, आणि चढेल त्याला फुल बॉडी हार्नेस हवाच.

प्रश्न : माझा भाऊ अमेरिकेत असतो. तिथे ख्रिसमसच्या रोषणाईच्या फ्रँचायझी चांगल्या चालतात. तीच पद्धत आणि तिथलाच माल औंध-बाणेरच्या बंगल्यांसाठी आणावा का?

उत्तर : माल आणू नका. तिथला पुरवठा १२० व्होल्टचा, आपला २३० चा. शिवाय तिथल्या क्लिपा उतरत्या छपराच्या कडेला आणि पन्हळीला अडकवायच्या असतात, आपल्या सपाट गच्चीच्या पॅरापेटला त्या बसत नाहीत.

पद्धतीत मात्र घेण्यासारखं आहे. प्रत्येक घराच्या मापाने माळ कापून, तिच्यावर घराचं आणि बाजूचं लेबल लावून ती पुढच्या वर्षी त्याच जागी लावायची, यामुळे दुसऱ्या वर्षीचा वेळ बराच वाचतो. तिथे हा व्यवसाय बहुधा बागकाम करणाऱ्यांचा जोडधंदा असतो : हिवाळ्यात बागेचं काम थंडावतं, तेव्हा तीच माणसं, तीच गाडी, तीच शिडी वापरात राहते. इथे फक्त रोषणाईसाठी माणसं ठेवणाऱ्याला तो फायदा मिळत नाही.

आणखी एक गोष्ट तिथून उचला. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार करारावर सही होण्याच्या किमान १४ दिवस आधी फ्रँचायझी घेणाऱ्याला २३ मुद्द्यांचं माहितीपत्र द्यावं लागतं. कमाईचा दावा करायचा असेल तर तो आधारासह १९व्या मुद्द्यात, आणि किती केंद्रं उघडली, किती बंद पडली ते २०व्यात. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे असं पत्र देण्याची सक्तीही नाही. तरी हीच माहिती मागा. देणारी कंपनी देते.

प्रश्न : करारात ‘मुदत संपल्यावर तीन वर्षं असा व्यवसाय करणार नाही’ अशी अट आहे. अनामत म्हणून दोन सह्या केलेले कोरे चेकही मागितले आहेत. (कोथरूड)

उत्तर : कोरे चेक देऊ नका. वाद झाला तर त्यावर रक्कम भरून ते बँकेत टाकले जातात आणि वटले नाहीत तर तुमच्यावर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला उभा राहतो. अनामत द्यायचीच तर ठरलेली रक्कम, पावती आणि परताव्याची तारीख घालून द्या.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार धंदा करण्यापासून रोखणारा करार शून्य ठरतो, त्यामुळे मुदतीनंतरची अशी बंदी न्यायालयात सहसा टिकत नाही. मुदत चालू असतानाची टिकते. त्यांचं नाव आणि पुस्तिका नंतर वापरता येणार नाहीत, हेही रास्त आहे. ‘किमान रॉयल्टी’ आणि ‘वाद दिल्लीच्या न्यायालयात’ ही कलमं शोधा आणि काढून घ्या. हद्द ‘पुणे पश्चिम’ अशी मोघम नको, पिनकोडनिहाय लिहून घ्या. उरलेला माल परत घेणार का, कोणत्या भावाने, हेही. सही करण्याआधी कागद वकिलाला दाखवा.

प्रश्न : मी वायरमन आहे. अकरा मजली इमारतीवर माळा लावल्या की पावसाची सर आली रे आली, सोसायटीचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडतो. लोड तर काहीच नाही. शिवाय १२ व्होल्टच्या पट्ट्या शेवटाला मंद दिसतात. (सिंहगड रस्ता)

उत्तर : लोडचा दोष नाहीच. १० वॅटच्या ४० माळा म्हणजे ४०० वॅट, दोन अँपिअरहूनही कमी. रोज सहा तास, पंधरा दिवस चालल्या तरी ३६ युनिट. आरसीसीबी गळतीवर पडतो. प्रत्येक ड्रायव्हरमधून थोडा करंट अर्थिंगकडे जातच असतो. असे चाळीस एकाच ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर आले की तो आधीच काठावर येतो आणि एक ओला जोड पुरतो. इन्सुलेशन टेपच्या जोडात पाणी तारेवरून ओघळत आत शिरतं, म्हणून माळ आयपी ६५ ची असूनही जोड दगा देतो. जोडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा, तो बंद डब्यात ठेवा आणि डब्यात शिरण्याआधी तारेला खालच्या बाजूला झोल द्या, म्हणजे पाणी तिथेच टपकतं. माळांचे तीन-चार भाग करून प्रत्येकाला वेगळा आरसीबीओ (गळती आणि जादा लोड या दोन्हींवर पडणारा स्विच) लावा. एक भाग पडला तरी बाकीची इमारत उजळलेली राहते आणि दोष कुठे आहे तेही लगेच कळतं. आरसीसीबी काढून थेट जोडणी कोणी सुचवली तर ऐकू नका, ओल्या पॅरापेटवर हात टेकणाऱ्या लहान मुलाचा जीव त्या उपकरणावर असतो.

मंद दिसण्याचं कारण व्होल्टेज ड्रॉप. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून १० मीटर अंतरावर ५ अँपिअर नेले तर जाऊन-येऊन सुमारे १.८ व्होल्ट वाटेतच जातात, १२ चे १०.२ उरतात. २.५ ची तार घ्या, पट्टीला दोन्ही टोकांनी पुरवठा द्या किंवा २४ व्होल्टचा माल वापरा.

प्रश्न : उतरवलेल्या माळा पुढच्या वर्षी निम्म्या बंद निघतात. काय करावं? (हडपसर)

उत्तर : उतरवल्याच दिवशी पेटवून बघा आणि बंद माळ दुरुस्तीच्या वेगळ्या क्रेटमध्ये टाका. ओढून काढू नका, क्लिप उघडून सोडवा. तार आतून तुटते ती ओढण्याने. सावलीत दोन दिवस वाळवून रिळावर गुंडाळा आणि झाकणाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये ठेवा, कारण गोणीतल्या माळा उंदीर कुरतडतात. रिमोटमधले सेल काढा. पुढची तपासणी ऑगस्टमध्ये, बदली माल बाजारात आरामात मिळतो तेव्हा.